किल्ली कोणाच्या कमरेला? : सर्व्हरच्या पहारेकऱ्याचा आणि त्याच्या फाइलीचा इतिहास

मुंबईकरासमोर 'बीएमसी' म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे रस्त्यावरचे खड्डे आणि बोरीबंदरसमोरची ती दगडी इमारत उभी राहते. संगणकांच्या जगात गेली पंचवीसेक वर्षे आणखी एक बीएमसी नांदते आहे. तिचे पूर्ण नाव 'बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर'. सर्व्हरच्या मुख्य बोर्डावर बसवलेला हा एक छोटा, स्वतंत्र संगणक असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची स्मृती असते आणि नेटवर्कवर स्वतःचा पत्ता असतो. मोठा सर्व्हर बंद पडला, गोठला किंवा मुद्दाम बंद करून ठेवला, तरी वायर प्लगमध्ये आहे तोवर हा छोटा संगणक जागा असतो. शेकडो मैलांवर बसलेला माणूस त्याच्याशी बोलून मोठ्या यंत्राला झोपवू शकतो, उठवू शकतो, त्याच्या पोटातील तापमान पाहू शकतो आणि त्याच्यावर नवी प्रणाली चढवू शकतो.

आपली बँकेची खाती, रेल्वेची तिकिटे, इस्पितळांचे अहवाल ज्या यंत्रांवर राहतात, त्यांतील बहुतेकांच्या दाराशी असा एक पहारेकरी उभा आहे. कोणाला आत सोडायचे, कोणत्या पत्त्यावर हजर राहायचे, कोणाचे किती ऐकायचे, हे त्याला सांगावे लागते. यंत्रे मोजकी असतात तेव्हा हे तोंडी सांगितल्यासारखे एकेकाला सांगता येते. ती हजारांत गेली की लिहून द्यावे लागते. हे लिहून देण्याचे साधन म्हणजे कॉन्फिगरेशन फाइल, साध्या मजकुराची शे-दोनशे ओळींची फाइल. तंत्रज्ञानाच्या इतिहासात नव्या प्रोसेसरांवर प्रकरणे लिहिली जातात; या फाइलीवर कोणी लिहीत नाही. तरी यंत्रावर सत्ता कोणाची, या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच लिहिलेले असते. ती कशी आली, तिच्यात काय लिहिले गेले आणि काय लिहायला नको होते, हे या लेखात पाहायचे आहे.

समोर बसलेला माणूस

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक संगणक कामाला लागला. दोन वर्षांनी पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्याच्या स्मृतीत चाळीस बिटांचे २,०४८ शब्द मावत. त्या काळातल्या सगळ्याच यंत्रांप्रमाणे त्यालाही एक नियंत्रण-पटल होते आणि पटलासमोर माणूस असे. यंत्र अडले की तो दिव्यांकडे बघे, बटणे दाबे, पुन्हा सुरू करी. यंत्राजवळ जाण्याची ज्याला परवानगी तोच त्याचा चालक. खोलीचे कुलूप हीच सुरक्षा आणि ओळखीचा चेहरा हाच पासवर्ड.

पुढे युनिक्सवर चालणारी मोठी यंत्रे आली, तेव्हा पटलाची जागा एका तारेने घेतली. या यंत्रांचे सारे बोलणे एका सिरियल तारेवरून जाई. त्या तारेला टर्मिनल जोडा, नाही तर मोडेम जोडून दुसऱ्या गावातून बोला, यंत्राला फरक पडत नसे. त्यामुळे दुरून कारभार करणे त्या जगात फारसे अवघड नव्हते.

अडचण आली ती वेगळ्याच घराण्यातून. १९९० नंतर घरगुती पीसीच्या वंशातले स्वस्त सर्व्हर बाजारात आले आणि इंटरनेटच्या लाटेबरोबर खोल्याच्या खोल्या त्यांनी भरू लागल्या. पीसीची मूळ कल्पना अशी, की माणूस समोर बसलेला आहे, त्याच्यापुढे पडदा आहे आणि हाताशी कीबोर्ड आहे. सुरू होताना काही चुकले की हे यंत्र पडद्यावर एक ओळ लिहून कोणीतरी कळ दाबण्याची वाट पाहत थांबे. पन्नास यंत्रांच्या खोलीत रात्री दोन वाजता ती ओळ वाचायला कोण असणार? मग एकाच पडद्याला अनेक यंत्रे जोडणारे स्विच आले. कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी सर्व्हरमध्ये खोचायची वेगळी कार्डे काढली. ती पडद्यावरचे चित्र टिपून दूरच्या माणसाला दाखवत आणि त्याच्या कळा यंत्रापर्यंत पोहोचवत. या उत्पादनांच्या नावात 'लाइट्स-आउट' हे शब्द आले. आत कोणी नाही, म्हणून दिवेही मालवलेले, अशी खोली त्यात अभिप्रेत होती. पुढे कॉम्पॅक एचपीत विलीन झाली, पण 'इंटिग्रेटेड लाइट्स-आउट', म्हणजे 'आयएलओ', हे नाव टिकले. डेलने आपल्या कार्डाला 'ड्रॅक' म्हटले. प्रत्येकाची भाषा वेगळी आणि आज्ञाही वेगळ्या. दोन कंपन्यांची यंत्रे विकत घेणाऱ्याला दोन्ही भाषा शिकाव्या लागत.

चौघांचा करार

१६ सप्टेंबर १९९८ रोजी इंटेल, ह्युलेट-पॅकार्ड, एनईसी आणि डेल या चार कंपन्यांनी मिळून एक समाईक भाषा जाहीर केली. तिचे नाव 'इंटेलिजंट प्लॅटफॉर्म मॅनेजमेंट इंटरफेस', थोडक्यात आयपीएमआय. पहिल्या आवृत्तीत भर होता यंत्राच्या प्रकृतीवर : पंख्यांचा वेग, तापमान, विजेचा दाब आणि घडलेल्या घटनांची एक रोजनिशी. २००१ च्या आवृत्तीने कंट्रोलरला नेटवर्कवरून बोलण्याची मुभा दिली. २००४ च्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत एन्क्रिप्शन आले आणि जुन्या युनिक्स यंत्रांची ती सिरियल तार नेटवर्कच्या आत पुन्हा अवतरली.

या भाषेत माणसांच्या पायऱ्याही ठरवलेल्या होत्या. नुसता पाहू शकणारा 'युजर', यंत्र बंद-चालू करू शकणारा 'ऑपरेटर' आणि सगळे बदलू शकणारा 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. वापरकर्त्यांना क्रमांक दिलेले होते, आणि पहिल्या क्रमांकाच्या वापरकर्त्याला नावच नव्हते. तो कायमचा निनावी. काही यंत्रे कारखान्यातून येत तेव्हा हा निनावी माणूस चालू स्थितीत असे आणि त्याचा पासवर्डही कोरा असे. समोर माणूस बसण्याच्या काळात हे खपून गेले असते. नेटवर्कवर त्याचा अर्थ, गडाच्या भिंतीत दाराएवढे भगदाड.

हजार यंत्रे, एक हात

कंट्रोलर आले तरी त्यांना लावावे लागतच होते. रीत अशी : सर्व्हर सुरू करायचा, ठरावीक कळ दाबून बायोसच्या निळ्या पडद्यात शिरायचे, नेटवर्कचा पत्ता टाकायचा, पासवर्ड ठरवायचा, साठवून बाहेर पडायचे. हात बसलेल्या माणसालाही एका यंत्रामागे पंधरा मिनिटे लागतात असे धरले, तर हजार यंत्रांना अडीचशे तास होतात. रोज आठ तास काम केले तर एकतीस दिवस. त्यात एकही आकडा चुकायचा नाही.

हजार यंत्रे हा कल्पनेतला आकडा नव्हता. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेचा 'थंडर' हा महासंगणक जून २००४ मध्ये जगातील पहिल्या पाचशे संगणकांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आला. त्यात चार-चार प्रोसेसरांचे १,०२४ सर्व्हर होते. तो उभा केला कॅलिफोर्निया डिजिटल या छोट्या कंपनीने. त्याच कंपनीत आनंद बाबू पेरियासामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फ्री-आयपीएमआय' हा मुक्त सॉफ्टवेअरचा संच सुरू केला. पुढे लिव्हरमोरच्याच अभियंत्यांनी तो वाढवला. मोठ्या समूहांची गरज आपल्याकडेही आली. पुण्यात टाटांच्या संगणन संशोधन प्रयोगशाळेने उभारलेला 'एका' नोव्हेंबर २००७ मध्ये त्याच यादीत चौथा आला. एचपीच्या पातळ ब्लेड सर्व्हरांचा तो समूह होता, प्रोसेसरांचे गाभे चौदा हजारांवर, आणि त्या जातीच्या प्रत्येक ब्लेडवर एक आयएलओ बसवलेला असे. पुण्याच्या एका इमारतीत जवळजवळ अठराशे पहारेकरी. त्यांना एकेक करून शिकवायचे म्हणजे नोकरभरतीचे कार्यालयच उघडावे लागले असते.

फ्री-आयपीएमआयच्या संचातील एक अवजार नेमके याच कामाचे होते. त्याला तीन गोष्टी येत. कंट्रोलरमध्ये आज काय लावलेले आहे ते सगळे एका फाइलीत उतरवून घेणे. फाइलीत लिहिलेले कंट्रोलरवर बसवणे. आणि फाइल व कंट्रोलर यांत कुठे फरक पडला आहे ते दाखवणे. फाइलीचे रूप अगदी साधे. तिचे विभाग पाडलेले : एक विभाग पहिल्या वापरकर्त्याचा, एक दुसऱ्याचा, एक नेटवर्कच्या पत्त्याचा, एक वीज गेल्यावर परत आली तर यंत्राने काय करावे याचा. प्रत्येक ओळीत डावीकडे गोष्टीचे नाव, उजवीकडे तिची किंमत. मधूनमधून टिपा : येथे हो किंवा नाही लिहा, पासवर्ड सोळा अक्षरांहून मोठा नको. कोणत्याही लेखनिकाला वाचता यावी अशी ही फाइल. एचपीने याच कामासाठी एक्सएमएलची लिपी काढली, डेलच्या अवजाराने स्वतःच्या धाटणीची फाइल घेतली. कल्पना सगळ्यांची एक होती. एकदा नीट लिहा आणि सर्वांना वाचून दाखवा.

यात एक मोठी सोय होती जी सुरुवातीला फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. हातांनी केलेल्या कामाची खूण राहत नाही. फाइलीची राहते. सहा महिन्यांनी कोणी विचारले की या यंत्रावर ऑपरेटरचा अधिकार कोणाला दिला होता, तर फाइल काढून दाखवता येते. पेशवे दप्तरातले रुमाल सोडून बसलेल्या संशोधकाला कागदाची ही किंमत वेगळी सांगायला नको.

माझी एक रात्र

फाइलीच्या दुसऱ्या बाजूची ओळख मला पुस्तकातून झाली नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी पुण्यातील एका कंपनीत सर्व्हर सांभाळत होतो. आमचे चाळीस सर्व्हर नवी मुंबईतील भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये, जाळीच्या पिंजऱ्यात होते. नवे सर्व्हर बसवले तेव्हा मी पहिल्याचा कंट्रोलर काळजीपूर्वक लावला, त्याची फाइल उतरवून घेतली आणि प्रत्येक सर्व्हरमध्ये शिरून तीच फाइल त्याच्या कंट्रोलरवर बसवली. अर्ध्या तासात काम झाले. मी खुशीत घरी गेलो.

नेटवर्कच्या पत्त्याची ओळ मात्र मी फाइलीतून काढली नव्हती. चाळीसही पहारेकऱ्यांना मी एकच घर नंबर दिला होता.

याचा पत्ता सात आठवडे लागला नाही, कारण सर्व्हर व्यवस्थित चालत होते आणि कंट्रोलरशी बोलण्याची वेळच आली नाही. पहारेकऱ्याची परीक्षा चोर येतो त्या रात्रीच होते. जुलैतल्या एका मध्यरात्री हिशेबाचा सर्व्हर गोठला. मी घरून त्याच्या कंट्रोलरला हाक मारली. उत्तर नाही. पहिल्या सर्व्हरच्या पत्त्यावर हाक मारली, तर तिथून कोणीतरी ओ दिली. पुन्हा मारली, तर दुसऱ्याच कोणीतरी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आणि अंगावर काटा आला. 'यंत्र बंद करून सुरू कर' असा हुकूम मी त्या पत्त्यावर दिला असता, तर तो चाळिसांपैकी कोणाच्या कानी पडला असता हे मला सांगता आले नसते.

डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीचा माणूस होता. त्याने बटण दाबले असते तर काम झाले असते. पण आमच्या पिंजऱ्याची किल्ली कोणाला द्यावी, याची लेखी परवानगी आम्हीच त्यांना दिलेली नव्हती, आणि त्याने नियम पाळला. त्याचे बरोबरच होते. मी गाडी काढली. खंडाळ्याच्या घाटात समोरचे दिसत नव्हते इतका पाऊस होता. पहाटे पिंजऱ्यात शिरून मी ते बटण चार-पाच सेकंद दाबून धरले, सोडले, पुन्हा दाबले. यंत्र उठले. बाकीचे सर्व्हर चालूच होते, म्हणून त्यांच्या आतून एकेका कंट्रोलरचा पत्ता दुरुस्त करता आला. दोन तासांचे काम. हातांनी चाळीस यंत्रे लावली असती तर एखादे चुकले असते. फाइलीने लावली, म्हणून एकोणचाळीस चुकली.

पासवर्डाचा पेच

माझी चूक एका रात्रीत निस्तरली. या व्यवस्थेच्या पोटात मात्र एक असा दोष होता, जो कोणा एकाच्या निष्काळजीपणातून आलेला नव्हता.

आयपीएमआयच्या नियमात पासवर्ड लावण्याची आज्ञा आहे, तो जुळतो का हे तपासण्याची आज्ञा आहे, पण तो वाचून दाखव अशी आज्ञा नाही. म्हणून उतरवून घेतलेल्या फाइलीत खरा पासवर्ड येऊ शकत नाही. हे शहाणपणाचेच. पण दुसऱ्या आवृत्तीतील ओळख पटवण्याची रीत पाहा. पासवर्ड तारेवरून पाठवायचा नाही, म्हणून दोन्ही बाजू एकमेकींना यदृच्छेने निवडलेले आकडे पाठवतात आणि त्या मजकुरावर पासवर्डाच्या साहाय्याने एक मोहोर उमटवतात. मोहोर जुळली की ओळख पटली. अशी मोहोर उमटवायची तर कंट्रोलरजवळ मूळ पासवर्ड असावाच लागतो. एरवी सुज्ञ प्रणाली पासवर्ड साठवत नाहीत. त्याचा परत न उलगडणारा गोषवारा तेवढा ठेवतात. इथे ती सोय नियमानेच बंद झाली. पासवर्ड कंट्रोलरच्या स्मृतीत कुठेतरी उलगडण्याजोगा राहणे भाग होते. भंगारात काढलेल्या बोर्डाबरोबर तोही बाहेर जाणार होता.

त्याहून वाईट म्हणजे या संवादात कंट्रोलर आपली मोहोर आधी दाखवतो, समोरच्याने आपली ओळख पटवण्यापूर्वी. एखादे खरे वापरकर्ता-नाव माहीत असले की कोणीही परका दार ठोठावून ती मोहोर घेऊन घरी जाऊ शकतो आणि निवांत बसून एकेक शब्द लावून पाहू शकतो. शिवाय मोहोरेची मागणीच न करणारा, 'शून्य' क्रमांकाचा एक प्रकारही नियमात होता. तो चालू असला तर नाव बरोबर सांगा, पासवर्ड काहीही सांगा, दार उघडते.

२०१३ मध्ये डॅन फार्मर या सुरक्षा-तज्ज्ञाने हे सारे मांडले. १९९५ मध्ये वीत्से वेनेमा यांच्यासह नेटवर्कच्या त्रुटी शोधणारे 'सेटन' हे गाजलेले अवजार लिहिणारे ते हेच. त्यांनी आणि एच. डी. मूर यांनी इंटरनेटवर उघडपणे उत्तर देणारे कंट्रोलर मोजले. ते सुमारे ३,०८,००० भरले. त्यांतील सुमारे ५३,००० 'शून्य' प्रकाराला बळी पडणारे होते. जुलै २०१३ मध्ये अमेरिकी सरकारच्या संगणक-आपत्ती विभागाने आयपीएमआयच्या धोक्यांविषयी जाहीर इशारा दिला. मुळात हे कंट्रोलर इंटरनेटवर असायलाच नको होते. त्यांच्यासाठी वेगळी, बाहेर न उघडणारी वाट ठेवावी असे सगळेच सांगत. पण वेगळी वाट म्हणजे वेगळ्या तारा, वेगळे स्विच, वेगळा खर्च. 'नंतर करू' या दोन शब्दांनी ती वाट कित्येक ठिकाणी राहून गेली.

पुढच्याच वर्षी, जून २०१४ मध्ये, पेच प्रत्यक्षात उतरला. सुपरमायक्रो कंपनीच्या काही बोर्डांवरील कंट्रोलर ४९१५२ क्रमांकाच्या पोर्टवर, कोणीही मागितले तरी, आपल्या आतली एक फाइल देऊन टाकत होता. तिचे नाव 'पीएसब्लॉक', आणि तिच्यात वापरकर्त्यांचे पासवर्ड साध्या मजकुरात होते. अशी ३१,९६४ यंत्रे तेव्हा इंटरनेटवर सापडली. त्यांतील ३,२९६ वर तर कारखान्यातलाच पासवर्ड कायम होता. कंपनीने दुरुस्ती आधी काढलेली होती. पण चालू सर्व्हर बंद करून कंट्रोलरचे पोट बदलायला मालक धजावत नसत.

कारखान्यातल्या या पासवर्डांचा एक छोटा कोशच होईल. सुपरमायक्रोचा 'अ‍ॅडमिन' आणि पुन्हा 'अ‍ॅडमिन'. डेलचा 'रूट' आणि 'कॅल्विन'. आयबीएमचा 'पासवर्ड' हाच शब्द, त्यात 'ओ'च्या जागी शून्य. एचपीने त्या मानाने शहाणपणा केला होता. प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड आणि तो छापलेली एक चिठ्ठी यंत्राला बांधलेली. पण हजार यंत्रे लावणाऱ्याला हजार चिठ्ठ्या नको असतात. तो फाइल घेतो आणि त्या हजारांवर एकच नवा पासवर्ड बसवतो. मग एका भंगार बोर्डातून तो बाहेर पडला, की हजार दारे उघडतात. फाइलीने माझी चूक एकोणचाळीस यंत्रांवर नेली, तशीच ती दुसऱ्या कोणाचे गुपितही नेते.

पहारेकरीच फितूर

२०१८ अखेर 'जंगलसेक' नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या तक्रारी आल्या. काही ठिकाणी ते कंट्रोलरच्या दारातूनच शिरले होते. डिसेंबर २०२१ मध्ये इराणमधील अम्नपरदाझ या सुरक्षा-कंपनीने एचपीच्या आयएलओमध्ये लपून बसलेले 'आयएलओब्लीड' उघडकीस आणले. मालकाने कंट्रोलरचे सॉफ्टवेअर बदलायचा प्रयत्न केला की ते बदल झाल्याचे नाटक करी आणि जागचे हलत नसे. मोठ्या सर्व्हरवरची प्रणाली पुसून नवी चढवली तरी त्याला धक्का लागत नसे, कारण ते मुळी त्या घरात राहतच नव्हते; ते देवडीवर राहत होते. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींच्या आपल्या यादीत एएमआय कंपनीच्या 'मेगारॅक' या कंट्रोलर-सॉफ्टवेअरमधील एक त्रुटी घातली. पासवर्डाशिवाय आत नेणारी ती त्रुटी होती.

पहारेकरी नसला तर काय होते, हेही याच काळात दिसले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या नेटवर्कच्या देखभालीतील एका चुकीच्या आज्ञेने त्यांची केंद्रे एकमेकांपासून आणि जगापासून तुटली. अशाच प्रसंगासाठी ठेवलेली दुसरी, बाजूची वाटही त्या वेळी बंद पडली होती. अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर पाठवावे लागले, आणि तिथली कुलपे व सुरक्षेचे टप्पे पार करण्यातच वेळ गेला. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद राहिले. ती बातमी वाचताना मला माझा पिंजरा आणि घाटातला पाऊस आठवला. आकार वेगळा, चूक तीच. अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेली वाट रोज चालून पाहिली नव्हती.

गडाचे तीन अधिकारी

उपाय झालेच नाहीत असे नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये डीएमटीएफ या उद्योग-संघटनेने 'रेडफिश' ही नवी भाषा आणली. ती वेबच्याच सुरक्षित वाटेने बोलते, त्यामुळे पासवर्ड उलगडण्याजोगा ठेवण्याची जुनी सक्ती तिच्यात नाही. फेसबुकच्या अभियंत्यांनी सुरू केलेले 'ओपन-बीएमसी' हे नाव पुढे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आले आणि पहारेकऱ्याच्या डोक्यात काय चालते हे प्रथमच कोणालाही वाचता येऊ लागले. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने १ जानेवारी २०२० पासून नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांवरील सरसकट सारख्या कारखानी पासवर्डांना मनाई केली, आणि 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन'चे युग नव्या यंत्रांपुरते संपले. जुनी यंत्रे अजून चालू आहेत, आणि आयपीएमआय त्यांच्यात अजून बोलते आहे.

फाइलही बदलली. आज ती जेसॉनच्या रूपात असते आणि शहाण्या ठिकाणी ती एकट्याच्या संगणकावर राहत नाही. ती सामाईक भांडारात ठेवतात. एकाने बदल सुचवायचा, दुसऱ्याने वाचून संमती द्यायची, आणि कोणी, कधी, काय बदलले याची नोंद आपोआप राहायची. पासवर्ड तिच्यात लिहायचाच नाही. तो वेगळ्या तिजोरीत राहील आणि लावण्याच्या क्षणापुरता आणला जाईल. माझ्या चाळीस सर्व्हरांच्या फाइलीवरून दुसऱ्या कोणाची नजर फिरली असती, तर पत्त्याची ती ओळ त्याला टोचली असती.

ही व्यवस्था वाचताना मला शिवकालीन गडांचा कारभार आठवतो. सभासदाच्या बखरीत गडावरचे अधिकारी येतात : हवालदार, सबनीस, सरनोबत. गड हवालदाराच्या ताब्यात, लिहिणे सबनीसाकडे, शिबंदी सरनोबताकडे. एक फितूर झाला तरी उरलेल्या दोघांवाचून त्याला गड शत्रूला देता येऊ नये, अशी ती रचना. ज्याच्या कमरेला किल्ली, त्याच्या हाती दप्तर द्यायचे नाही.

आपल्या कंट्रोलरमध्ये हे तिन्ही अधिकार बराच काळ एकाच पासवर्डात राहिले. यंत्र बंद करण्याचा हुकूम त्यात, नवे वापरकर्ते नेमण्याचा अधिकार त्यात, आणि घटनांची रोजनिशीही त्यातच. वरचा अधिकार हाती आला की ती रोजनिशी पुसताही येते. म्हणजे सबनीसाची वही हवालदाराच्या कमरेला. आज चांगली केंद्रे ही वही क्षणोक्षणी दुसऱ्या यंत्रावर पाठवून ठेवतात, फाइल दोघांच्या संमतीशिवाय लागू देत नाहीत आणि पासवर्ड तिसऱ्याकडे सोपवतात. ही रीत जुनीच आहे. संगणकवाल्यांना ती ठेच लागून कळली.

ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यातून रेल्वेने जाताना आता खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. आत दिवे मालवलेले असतील आणि हजारो पहारेकरी जागे असतील. त्यांना दिलेली फाइल कोणी लिहिली, कोणी वाचली आणि तिची परीक्षा शेवटची कधी घेतली, हे त्या इमारतीबाहेरच्या कोणाला दिसत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर, नोकरीत होतो तोवर महिन्यातून एकदा मी प्रत्येक कंट्रोलरला त्याच्या पत्त्यावर हाक मारत असे आणि ओ देणारा तोच आहे याची खात्री करून घेत असे. पिंजऱ्याची दुसरी किल्ली रात्रपाळीच्या त्या माणसाकडे असावी, असा कागदही मी त्याच आठवड्यात सही करून पाठवला होता.